रिपोर्ट निल आला, पुढे काय?



या स्मृतिव्याख्यानासाठी वृषणातील प्रथिने आणि पुरुषांचे वंध्यत्व हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. आईवडील, लेकी, सुना, जावई एकत्र बसलेल्या सभेत यावर बोलायचे का, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर असे की बोलायलाच हवे. ज्या घरात मूल होत नाही त्या घरात हा विषय रोज असतो. फक्त त्याचा उच्चार होत नाही, आणि त्या मौनाची किंमत बहुतेक वेळा एकटी सून मोजते.

मराठीत असे उघड बोलण्याची परंपरा आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी छापील उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही, कर्व्यांना दंड झाला. पण जो युक्तिवाद तेव्हा न्यायालयात हरला, तो निदान बाबासाहेबांच्या दीक्षाभूमीच्या या शहरात तरी जिंकावा, असे मला मनापासून वाटते.

आज मी चार मुद्दे मांडणार आहे. बिघडलेले प्रथिन म्हणजे काय, हा पहिला. शुक्राणू घडताना प्रथिने काय काय करतात, हा दुसरा. ‘निल’ रिपोर्टमागचे, म्हणजे वीर्यतपासणीत एकही शुक्राणू न दिसण्यामागचे, कारण या प्रथिनांवरून कसे ओळखता येते, हा तिसरा. आणि आपल्या नागपुरात, आपल्या घरात याचा अर्थ काय, हा चौथा. चारही मुद्द्यांतून मला सांगायचे एकच आहे. शुक्राणू न होणे हा पेशीतल्या कामाचा खंड आहे, त्या माणसाच्या पौरुषाचा निकाल नव्हे. म्हणून मूल होत नसेल तर पुरुषाने तपासणीला सर्वांत शेवटी जाऊ नये.

पहिला मुद्दा. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, दूध आठवते. पण आपल्या प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिने अहोरात्र काम करत असतात. एखादे वाहतूक करते, एखादे दुरुस्ती करते, एखादे निरोप पोचवते. प्रत्येकाची कृती एका जनुकात लिहिलेली असते. कृतीत चूक झाली की प्रथिन चुकते, आणि प्रथिन चुकले की काम अडते.

विदर्भाला हे नवे नाही. सिकलसेल या भागात कोणाला सांगावा लागतो का? रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यातला सहावा दुवा बदलतो, केवळ एक. तेवढ्याने तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, रक्तवाहिन्या तुंबतात, आणि कोवळे पोर हातपाय धरून रात्रभर विव्हळते. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी या आजाराला रेणूचा आजार म्हटले, १९५६ साली व्हर्नन इन्ग्रम यांनी तो बदललेला दुवा शोधला, आणि १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद जगापुढे मांडली ती आपल्याच नागपुरातून डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी. या दुखण्याला करणी म्हणणारी, शाप म्हणणारी माणसे होती. आज शाळेत, आरोग्य केंद्रात सिकलची तपासणी होते. जे दुखणे दैवाच्या खात्यावर होते, ते प्रथिनाच्या खात्यावर आले आणि त्यावर इलाज करता येऊ लागला. पुरुषाच्या वंध्यत्वाच्या बाबतीत हाच प्रवास आपल्याला करायचा आहे.

इथे एक गैरसमज आधी दूर करतो, कारण तो सर्वांत जास्त नुकसान करतो. वृषणात दोन वेगळी कामे चालतात. एका प्रकारच्या पेशी, ज्यांचे वर्णन लायडिग यांनी १८५० साली केले, त्या टेस्टोस्टेरॉन तयार करतात. दाढीमिशा, भरदार आवाज, स्नायू, कामेच्छा ही सगळी त्या संप्रेरकाची कामे. त्यांच्या शेजारी केसासारख्या बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांत शुक्राणू घडतात. तिथे वाढत्या शुक्राणूंना सांभाळणाऱ्या पेशी एन्रिको सेर्टोली या तरुण इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवल्या. पहिले काम उत्तम चालू असताना दुसरे पूर्ण बंद असू शकते. म्हणजे धडधाकट, संसारात समाधानी, कष्टाला वाघ असलेल्या माणसाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. त्याला ते कळणार कसे? वीर्याचा बहुतांश भाग हा वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. डोळ्यांना काही फरक दिसत नाही. दाखवतो तो सूक्ष्मदर्शक.

‘माझ्यात काही कमी नाही, मला तपासायची गरज नाही,’ असे म्हणणारा नवरा खोटे बोलत नसतो. त्याला जे जाणवते त्यावरून तो बोलतो. पण जे जाणवते आणि जे तपासायचे आहे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढे एक वाक्य या सभागृहातून घरी गेले तरी माझे येणे सार्थकी लागेल.

आता दुसरा मुद्दा. शुक्राणू घडतो कसा? मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. निरोगी पुरुषात हे काम रोज कोट्यवधी शुक्राणूंच्या हिशेबाने चालते. माणसाच्या शरीरात प्रथिने सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झालेल्या प्रकल्पात शरीराच्या कोणत्या ऊतीत कोणते प्रथिन आहे याचा नकाशा तयार झाला. त्यात यकृत, हृदय, अगदी मेंदूलाही मागे टाकून एक ऊती पुढे निघाली : वृषण. जी प्रथिने तिथे भरपूर आणि इतरत्र जवळजवळ नाहीतच, अशांची संख्या हजाराच्या घरात भरली. एवढी खास प्रथिने कशाला लागतात? कारण शुक्राणूला जे करावे लागते ते शरीरातली दुसरी कोणतीच पेशी करत नाही.

पहिले अवघड काम म्हणजे ४६ गुणसूत्रांची २३ करणे. आईची आणि वडिलांची गुणसूत्रे जोडीने एकमेकांना बिलगतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, मग वेगळी होतात. ती बिलगून राहावीत म्हणून खास प्रथिने असतात. त्यातले एसवायसीपी-३ हे प्रथिन बिघडलेले पुरुष जपानमध्ये आढळले. त्यांच्यात शुक्राणू नव्हते. टेक्स-११ या दुसऱ्या प्रथिनाचीही अशीच कथा २०१५ साली उजेडात आली. पेशी अर्ध्या वाटेवर येते आणि थांबते. बायोप्सीच्या अहवालात त्याला ‘मॅच्युरेशन अरेस्ट’ लिहितात. ते दोन शब्द वाचून हबकलेल्या जोडप्यांना त्यामागे इतकी नेमकी घटना असते हे कोणी समजावून सांगत नाही.

दुसरे काम आवराआवरीचे. शुक्राणूचे डोके अतिशय लहान, आणि त्यात बापाचा अर्धा वारसा मावायचा असतो. इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती सैलसर गुंडाळलेला असतो. शुक्राणूत ती प्रथिने बहुतांशी काढली जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामिन येते. आपल्या वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मोकळ्या कापसाच्या ढिगाची प्रेसखाली दाबून गाठ बांधतात ना, तसेच हे काम. ढीग तोच, पण गाठ झाली की तो लांबचा प्रवास झेलतो. प्रोटामिन कमी पडले, किंवा त्याच्या दोन प्रकारांचे आपसातले प्रमाण बिघडले, तर डीएनए उघडा राहतो आणि वाटेत तुटतो. अशा पुरुषाचा शुक्राणूंचा काउंट कधी चांगलाही येतो. पण गर्भ धरत नाही, किंवा धरला तर टिकत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या कितीतरी स्त्रियांच्या पदरी ‘हिच्या पोटात राहत नाही’ हे वाक्य पडते. त्यातल्या काहींच्या बाबतीत कारण शुक्राणूच्या डीएनएत असू शकते, हे आपण कधी मनात आणतो का?

या प्रोटामिनचा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. १८७४ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथे फ्रीड्रिख मीशर यांनी ऱ्हाईन नदीतल्या सॅमन माशांच्या शुक्राणूंतून ते वेगळे केले. पुढे लक्षात आले की ते हेपॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा उतारा आहे. आज बायपासच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला प्रोटामिन देतात. १९३० च्या दशकात डेन्मार्कमधल्या हागेडॉर्न यांनी ते इन्सुलिनला जोडले, म्हणजे इन्सुलिन शरीरात सावकाश पसरावे. जे दुधाळ इन्सुलिन हलवून घ्यावे लागते, त्यात हेच प्रथिन असते. या सभागृहातल्या काही ज्येष्ठांनी आज सकाळीच ते टोचून घेतले असेल. माशाच्या शुक्राणूतले प्रथिन आपण जीव वाचवायला आनंदाने घेतो. मग माणसाच्या शुक्राणूतल्या प्रथिनाविषयी बोलताना मान खाली का घालायची?

तिसरे काम पोचण्याचे आणि एकरूप होण्याचे. शेपटीला ऐनवेळी जोर यावा म्हणून तिच्यात कॅटस्पर नावाच्या प्रथिनाच्या वाहिन्या असतात. आणि बीजांडापाशी पोचल्यावर शुक्राणूच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन बीजांडावरच्या प्रथिनाशी जुळावे लागते. २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी हे शुक्राणूवरचे प्रथिन शोधले आणि विवाहबंधनासाठी प्रसिद्ध असलेल्या इझुमो या देवस्थानाचे नाव त्याला दिले. बीजांडावरची त्याची जोडी २०१४ साली सापडली. तिला जुनो म्हणतात, विवाहाच्या रोमन देवतेवरून. इझुमो नसलेल्या नर उंदराचे शुक्राणू संख्येने पुरेसे असतात, पोहतात, बीजांडापर्यंत पोचतात, पण आत विलीन होऊ शकत नाहीत. यातून धडा काय? काउंट चांगला आला म्हणजे सगळे ठीक, असे नाही. मोजणी ही तपासणीची सुरुवात आहे.

या सगळ्या प्रथिनांची आणखी एक अडचण आहे. आपली रोगप्रतिकारशक्ती आपले कोण आणि परके कोण हे फार लहानपणी शिकते. शुक्राणूंची प्रथिने तर वयात येताना पहिल्यांदा तयार होतात. म्हणजे आपल्याच शरीरात आपल्याच संरक्षकांना परकी वाटणारी प्रथिने! म्हणून सेर्टोली पेशी एकमेकींना घट्ट चिकटून रक्त आणि शुक्राणू यांच्यात अडसर उभा करतात. नसबंदीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात शुक्राणूंविरुद्धची प्रतिपिंडे दिसतात. त्याने तब्येतीला अपाय होत नाही, पण तो अडसर किती महत्त्वाचा आहे हे त्यावरून समजते. मार लागल्याने किंवा संसर्गाने तो मोडला की प्रतिपिंडे शुक्राणूंना जखडू शकतात.

आता तिसरा मुद्दा, आणि तो व्याख्यानाच्या शीर्षकातला आहे. रिपोर्ट ‘निल’ आला. साधारण शंभर पुरुषांत एकाचा असा येतो. पुढे काय?

पहिला प्रश्न : शुक्राणू तयार होत नाहीत, की तयार होऊन वाटेत अडले आहेत? दहांतल्या सुमारे चौघांत वाट अडलेली असते आणि कारखाना सुरू असतो. काहींची शुक्रवाहिनी जन्मतःच नसते. त्यामागेही बहुधा एक प्रथिन असते, सीएफटीआर नावाचे. अशा पुरुषाचे वीर्य कमी असते आणि त्यात फ्रुक्टोज सापडत नाही. ही तपासणी साध्या लॅबमध्येही होते. उरलेल्या सहा जणांत निर्मितीच बंद किंवा तुटपुंजी असते. दोघांचा रिपोर्ट तोच, शब्द तोच, पण उपचाराची दिशा अगदी वेगळी. हे ठरवायला डॉक्टर अंग तपासतात, एफएसएच संप्रेरक मोजतात आणि गरज पडली तर वृषणाचा तुकडा काढून बायोप्सी करतात.

सुई न टोचता हे कळले तर? टोरांटोच्या संशोधकांनी २०१३ साली याचे एक सुंदर उत्तर मांडले. त्यांनी वीर्यातली दोन प्रथिने निवडली. टेक्स-१०१ हे वृषणातल्या शुक्राणू घडवणाऱ्या पेशींचे, तर ईसीएम-१ हे वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणाचे, म्हणजे वाटेवरच्या पुढच्या टप्प्याचे. आता विचार करा. वाट अडली असेल तर दोन्ही प्रथिने वीर्यात येणार नाहीत. वाट मोकळी असेल पण आत शुक्राणू घडत नसतील तर ईसीएम-१ येईल आणि टेक्स-१०१ फारच कमी असेल, किंवा नसेल. दोन प्रथिने मोजली की बंद दार कुठे आहे ते समजते. ही तपासणी अजून आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये मिळत नाही. पण दिशा स्पष्ट आहे : ज्या ऊतीला हात लावायला माणूस घाबरतो, तिची खबर तिच्याच प्रथिनांकडून घ्यायची.

कारण समजले की मार्गही दिसतो. वृषणाच्या शिरा फुगल्या असतील, म्हणजे व्हेरिकोसील असेल, तर शस्त्रक्रियेने अनेकांना फायदा होतो. वाट अडली असेल तर ती जोडता येते, किंवा वृषणातून शुक्राणू काढता येतो. १९९२ साली ब्रसेल्समध्ये एका शुक्राणूचे एका बीजांडात इंजेक्शन देऊन मूल जन्माला घालण्याची पद्धत सिद्ध झाली; तीच इक्सी. १९९९ साली सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या नळ्या चाळून शुक्राणू शोधण्याचे तंत्र आले, त्याला मायक्रो-टेसे म्हणतात. निर्मिती बंद मानलेल्या पुरुषांतही जवळपास निम्म्यांत त्याने शुक्राणू सापडतात. ‘निल’ म्हणजे पूर्णविराम, हे आता खरे राहिलेले नाही.

आणि कधी उत्तर ‘नाही’ असेल तर तेही आधी कळणे उपकाराचेच. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डॉ. कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी शुक्राणूच नसलेल्या भारतीय पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली, तेव्हा सुमारे साडेआठ टक्के जणांत एक तुकडा गळालेला आढळला. हा तुकडा तीन जागी गळू शकतो. तिसऱ्या जागी गळाला असेल तर शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळण्याची आशा बरी असते. पहिल्या दोन जागा पूर्ण गळाल्या असतील तर ती जवळजवळ नसते. रक्ताच्या एका तपासणीने एखाद्या शेतकऱ्याची जमीन विकून केलेली निष्फळ शस्त्रक्रिया टळू शकते. विज्ञानाची याहून मोठी मदत कोणती?

याच संस्थेने अलीकडे टेक्स-१३बी या जनुकाचा शोध मांडला. शुक्राणू घडवण्यासाठी ते आवश्यक आहे, आणि ते असते एक्स गुणसूत्रावर. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. म्हणजे आई स्वतः निरोगी, तिला मुले झालेली, आणि तिच्याकडून आलेल्या बदलामुळे मुलाला मूल नाही. ही माहिती मी काळजीपूर्वक सांगतो आहे. उद्या कोणी म्हणेल, पाहा, शेवटी बाईचाच दोष निघाला. तसे मुळीच नाही. जनुकांची वाटणी कोणी ठरवून करत नाही. वारसा मिळतो, त्यात गुन्हा नसतो. आपण सुनेला दोष देणे सोडून सासूला देऊ लागलो, तर विज्ञान शिकून आपण काय मिळवले?

चौथा मुद्दा आपल्या गावाचा आणि आपल्या घराचा.

पहिली गोष्ट उष्णतेची. वृषण शरीराबाहेर का असते? कारण शुक्राणू घडायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. वृषणात उष्णताप्रथिनांच्या घराण्यातले एचएसपीए-२ नावाचे प्रथिन असते. ते इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करते. ते नसलेला नर उंदीर वंध्य होतो, मादी मात्र होत नाही. उष्णता वाढली की ही सगळी नाजूक व्यवस्था डळमळते आणि घडणाऱ्या पेशी मरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. नागपूरच्या उन्हाने माणूस वंध्य होतो असे मी म्हणत नाही. निसर्गाने घाम आणि रक्तप्रवाहाची सोय केलेली आहे. पण भट्टीसमोर, बेकरीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये उभे राहणारे, दिवसभर ट्रकच्या तापलेल्या केबिनमध्ये बसणारे तरुण मूल होत नाही म्हणून आले, तर त्यांच्या कामाची चौकशी डॉक्टरांनी केलीच पाहिजे. आणि कडक ताप येऊन गेला असेल तर लगेचच्या रिपोर्टवर निकाल देऊ नये. ७४ दिवसांचा हिशेब आठवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आपल्याकडे अनेक तरुण हायड्रॉक्सीयुरिया घेतात. ते मोलाचे औषध आहे, पण त्याने शुक्राणूंची संख्या घटू शकते. कोणीही स्वतःच्या मनाने ते बंद करू नये. मात्र लग्न ठरलेल्या, मूल हवे असलेल्या तरुणाशी डॉक्टरांनी याविषयी आधी बोलावे. कर्करोगाच्या केमोथेरपीपूर्वीही हेच. वीर्य गोठवून ठेवता येते, हे उपचार सुरू होण्याआधी सांगायला हवे.

तिसरी गोष्ट जिममधली. ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारी मुले शहरात वाढत आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदू वृषणाला निरोप पाठवणे थांबवतो. आतले टेस्टोस्टेरॉन, जे रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असावे लागते, ते कोसळते आणि शुक्राणू बंद होतात. सोडल्यावर बहुतेकांत ते परत येतात, पण कधीकधी वर्षही लागते. पौरुष वाढवायचे म्हणून घेतलेले औषध बाप होण्याची वाट अडवते, हे प्रत्येक जिमच्या भिंतीवर लिहिले पाहिजे.

चौथी गोष्ट आयांसाठी. बाळाचे अंड खाली उतरले नसेल तर ‘मोठा झाल्यावर उतरेल’ म्हणून थांबू नका. वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी. वयात आल्यानंतर गालगुंड झाले आणि अंडाला सूज आली तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

आणि आता घर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार दर सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत. निम्म्यांत! मग आपल्याकडे क्रम कसा असतो? आधी सुनेला देवीचा नवस. मग सुनेची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, दुर्बीण, गोळ्या, इंजेक्शने. हळदीकुंकवात तिच्या ओटीकडे पाहणाऱ्या नजरा. कोणाच्या डोहाळजेवणाला तिने मागे थांबायचे. आणि या सगळ्यानंतर कधीतरी, फार आग्रह झाला तर, नवऱ्याची वीर्यतपासणी. जी सर्वांत स्वस्त, जिच्यात टोचायचे नाही, कापायचे नाही, भूल द्यायची नाही. सर्वांत सोपी तपासणी सर्वांत शेवटी का? याला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. आधार आहे तो फक्त आपल्या भीतीत.

ती भीती पुरुषालाही एकटे पाडते, हेही सांगितले पाहिजे. निल रिपोर्ट हातात घेतलेला तरुण ती गोष्ट कोणाला सांगतो? बापाला नाही, भावाला नाही, मित्राला तर नाहीच. कधी बायको तो दोष स्वतःच्या अंगावर घेते आणि दोघे आयुष्यभर त्या असत्याखाली राहतात. त्या तरुणाच्या पेशीत एखादे प्रथिन अडले आहे. मधुमेहाच्या माणसात इन्सुलिन अडते, सिकलच्या मुलात हिमोग्लोबिन अडते, याच्यात शुक्राणूचे प्रथिन अडले. त्याला धीर द्यायला शेजारी बसणारा कोणीतरी हवा.

संशोधनाबाबत एक मागणी करतो. याच महाराष्ट्रात, परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या आणि केईएम रुग्णालयाच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या कामातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्या परंपरेत नागपूरची भर पडावी. आपल्याकडे मेडिकल कॉलेज आहे, मेयो रुग्णालय आहे, एम्स आहे. इथे होणाऱ्या बायोप्सींतील उरलेली ऊती, रुग्णाच्या लेखी संमतीने आणि ओळख गुप्त ठेवून, जपली तर विदर्भातल्या पुरुषांच्या वृषणातील प्रथिनांचा अभ्यास इथेच होऊ शकेल. १९५८ साली सिकलसेलच्या बाबतीत नागपूरने जे केले ते या विषयात नागपूर पुन्हा का करू शकणार नाही?

समारोप करतो. बिघडलेले प्रथिन हा आजार आहे, तो कोणाचा शाप नाही. शुक्राणू शेकडो खास प्रथिनांच्या हातून घडतो, त्यातले कोणतेही अडू शकते, आणि ते पौरुषाने ओळखता येत नाही, तपासणीने ओळखता येते. ‘निल’ रिपोर्टमागे अनेक कारणे असतात, त्यातली अनेक शोधता येतात, काहींवर इलाज आहे, आणि जिथे नाही तिथे ते वेळेत कळणे हाही आधार आहे. दत्तक मूल, कायद्याने नोंदलेल्या बँकेतले दात्याचे वीर्य, किंवा दोघांचाच संसार, हे सगळे मानाचे मार्ग आहेत.

म्हणून माझी विनंती साधी आहे. लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करून मूल राहिले नाही, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, नवरा-बायकोने एकाच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दोघांच्या तपासण्या एकाच वेळी सुरू व्हाव्यात. सासूबाईंनी सुनेला नवस सांगण्याआधी मुलाला लॅबचा पत्ता सांगावा. आणि इथे बसलेल्या प्रत्येक तरुणाला मी पुरुष म्हणून पुरुषाला सांगतो : बाबा रे, तुझी तपासणी मागाहून नको. ती पहिल्याच दिवशी करून घे, आणि जो रिपोर्ट येईल तो बायकोच्या शेजारी बसून वाच.